तेल चहाला उठत नाही

ते कुठंही उभे राहिले की आधी पायातल्या चपला काढायचे.

देवळात नव्हे हो. रस्त्यात, बांधावर, कुणाच्याही अंगणात. एकदा तर कुंभार पिंपळगावच्या भर बाजारात, मिरच्यांच्या पोत्यांमध्ये. चपला काढायच्या, दोन्ही तळपाय जमिनीला सपाट लावायचे आणि मान जराशी कलती करून उभं राहायचं. समर्थांचं जन्मगाव जांब समर्थ आमच्या शेजारी असल्यामुळे असं काही दिसलं की आमचे लोक त्याला भक्तीच समजतात. बाजारातल्या दोन म्हाताऱ्या त्यांना हात जोडून पुढं गेल्या. साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता. ते पायानं जमीन तपासत होते. वळणामागून येणारा ट्रॅक्टर त्यांच्या तळपायाला आधी कळायचा आणि आपल्या कानाला नंतर.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जगाला जे वेड वाटतं ते त्यांचं काम असतं, आणि त्या कामाबाहेरचं त्यांना काही म्हणजे काही येत नाही. या साहेबांना चहात साखर ढवळायचं भान नसायचं. चहा अगोड आहे म्हणून तोंड वाकडं करायचे आणि साखर तळाशी तशीच.

माझी गावात पिठाची गिरणी. नवरा एसटीत कंडक्टर, आज अंबड तर उद्या परतूर, म्हणून गिरणी माझ्याच अंगावर. दिवसभर त्या खडखडाटात राहून ओरडून बोलायची सवय लागलेली, आणि स्वभाव मुळातच तिखट. आजही माझ्याशी बोलताना शेजारणी अर्धं पाऊल मागं उभ्या राहतात.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. उन्हाळा लागला होता. मी ज्वारी दळत होते आणि दारात एक उंच, वाळका, चष्मेवाला माणूस अनवाणी उभा. चपला हातात.

“ताई, गिरणी जरा बंद करता का?”

“कामून? दळण आणलंय का?”

“दळण नाही. तुमची गिरणी ओढ्यापलीकडं ऐकू येते.”

“गिरणी हाय ती. ऐकू येणारच. बासरी थोडीच हाय?”

“कानाला नाही म्हणत मी. जमिनीला.”

मी मोटार बंद केली. त्यांचं ऐकून नव्हे, भांडताना नीट ऐकू यावं म्हणून.

जमिनीत तेल किंवा गॅस आहे का, ते शोधणाऱ्या पार्टीचे हे साहेब. गावाबाहेर त्यांचे तंबू पडले होते. माणूस चिपळूणकडचा, बोलणं शुद्ध आणि हळू. पार्ट्या आमच्या भागात आधीही येऊन गेल्या होत्या. त्या जमिनीत भोकं पाडून सुरुंग उडवायच्या आणि खालून परत येणारा हादरा मोजायच्या. आमच्याकडं वर सगळा काळा पाषाण. त्यात तो हादरा गडबडून जातो म्हणे. हे साहेब काहीच उडवत नव्हते. डब्याएवढी यंत्रं शेतात पुरायची, माणसांनी लांब जाऊन बसायचं, आणि जमीन आपली आपण जेवढी हलते तेवढं नुसतं टिपायचं.

“जमीन हलते,” असं ते सहज बोलून गेले आणि दळणाला आलेल्या बाया डबे सोडून दाराकडं सरकल्या. आमच्या मराठवाड्यात हे वाक्य असं सहज बोलायचं नसतं.

“नाही, नाही, भूकंप नाही!” साहेब घाबरून म्हणाले. “अगदी बारीक. लांब समुद्राच्या लाटा आपटतात, वारा झाडं हलवतो, त्यानं सगळी जमीन कायम थरथरत असते. तुम्हाला-मला कळत नाही इतकं बारीक.”

मग त्यांनी माझ्या भिंतीवरच्या चाळण्या उतरवल्या. विचारलं नाही, सवरलं नाही. माझ्या कपाळावर आठ्या. ते आपले खाली बसून समजावायला लागले. जमिनीतून सगळ्या थरथरींचा एकच घोळ येतो, गिरणीची, ट्रॅक्टरची, समुद्राची, सगळी एकात एक. तो घोळ ते चाळतात. भरभर हलणारं एका चाळणीत, हळू हलणारं दुसऱ्या चाळणीत, कोंडा वेगळा, रवा वेगळा.

“सेकंदाला तीन वेळा हलतं ना, तेवढं मला पाहिजे. खाली दगडाच्या भेगांत तेल किंवा गॅस भरलेला असला, तर नेमकं तेवढंच जरा जास्त निघतं. असं माझं मत आहे.”

“मत? म्हंजी खात्री न्हाई?”

“खात्री करायलाच तर आलोय, ताई. आणि त्यासाठी आधी आपला आवाज वजा करावा लागतो.”

हे त्यांचं वाक्य. “आधी आपला आवाज वजा करा.” नळावर भांडणाऱ्या बायांना तेच, ग्रामपंचायतीत टेबल बडवणाऱ्या सरपंचांना तेच. मी नवऱ्याबद्दल कुरकुर करायला लागले की मलाही तेच. मला राग यायचा. आता वाटतं, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी सूप फेकून मारलं असतं.

ठरलं असं की दुपारी जेवणं झाल्यापासून उन्हं कलेपर्यंत गिरणी बंद. रात्री का नाही, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण शेतीची लाईट आमच्याकडं रात्रीची. गाव झोपलं की शेतातल्या मोटारी उठतात आणि पहाटेपर्यंत घरघरत राहतात. उन्हाळ्यातली दुपारच काय ती शांत. ट्रॅक्टर बंद, बैलगाड्या बंद, ओढ्यापलीकडच्या शेतांत गडी उन्हाचे फिरकायचे नाहीत. पार्टीच्या माणसांनासुद्धा यंत्रांजवळ जायची मनाई, कारण माणूस नुसता चालला तरी कागदावर उमटतो म्हणे. यंत्रं बिचारी एकटीच जमिनीत बसून असायची आणि साहेब इकडं तंबूत.

त्यातही लाईट गेली तर विचारूच नका. लोडशेडिंग झालं की अख्खा तालुका वीजवाल्यांच्या सात पिढ्या काढायचा. हा एक माणूस तंबूबाहेर येऊन आकाशाकडं बघत म्हणायचा, “वा! काय सुरेख गेली!” एकदा सरपंचांनी ते ऐकलं. त्यांच्या घरी पाहुणे, पंखा बंद, आणि हे साहेब खूश. दोन दिवस बोलले नाहीत.

आमच्या सासूबाईंशी मात्र त्यांचं पहिल्या दिवसापासून जमलं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. बाई ठेंगणी, काटक, नऊवारीचा काष्टा कायम खोचलेला. साहेब ओट्यावर टेकले की त्या बाजरीची भाकरी आणि ठेचा पुढं सरकवायच्या. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तरी ते खायचे.

“लागली का नाडी, वैद्यबुवा?” आत्याबाई रोज विचारायच्या. जमिनीची नाडी बघणारा वैद्य, असं त्यांनी मनाशी धरलेलं.

“नाही अजून.”

“लागल. जल्दी करायची न्हाई. म्हातारीची नाडी हळू लागती.”

एका दुपारी गिरणी बंद, बाहेर रणरणतं ऊन, आणि साहेब पोत्यावर बसून चहा घेत होते. मी सहज म्हटलं, “साहेब, तुमच्या घरचे काही म्हणत न्हाईत का? उन्हातान्हात असं अनवाणी हिंडणं?”

त्यांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, “घरच्यांचं काही नाही. ऑफिसात हसतात. सुरुंग न उडवता तेल शोधणारा माणूस म्हणजे त्यांना गंमत वाटते. बारा गावं फिरलो, ताई, पण प्रत्येक ठिकाणी कसला ना कसला आवाज येऊन सगळं बिघडतं. आता सांगितलंय, हा शेवटचा हंगाम. या वेळी स्वच्छ काही हाती आलं नाही तर ही यंत्रं गोदामात जाणार आणि मी टेबलावर.”

“मंग टेबलावर काय वाईट? सावली तरी हाय.”

“माझं ऐकणं बंद होईल,” ते म्हणाले. इतकंच. पण असं म्हणाले की मला पुढं चेष्टा करवली नाही. त्या दिवसापासून गिरणी बंद करताना मी कुरकुर केली नाही. एखादी बाई उशिरा डबा घेऊन आली की मीच तिच्यावर डाफरायची, “साहेबाचं काम चालू हाय, दिसत न्हाई का?”

आणि मग टेकडी आली.

कागदावर सरळ रेघ असते, आणि तीनच्या आकड्यावर ती उंच झाली तर टेकडी. साहेब ती बघायला बारा गावं फिरले होते. ओढ्यापलीकडं आमच्या मळ्याच्या शेजारी पुरलेल्या यंत्रात ती आली. एक दिवस आली, दुसऱ्या दिवशी आली, मग रोजच यायला लागली. कागद घेऊन ते सगळ्यात आधी गिरणीवर आले. “ताई, बघा. बघा ना!” मला त्यातलं काय कळणार? पण पन्नाशी उलटलेला माणूस पोराटोरासारखा नाचतो, ते कळलं. आत्याबाईंनी गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला.

गावाला बातमी लागायला वेळ लागतो का? संध्याकाळपर्यंत कुंभार पिंपळगावच्या सगळ्या हॉटेलांत आमच्या गावाचं तेल उकळायला लागलं. कुणी म्हणालं, आता मोठा रस्ता. कुणी म्हणालं, लाईट कधी जाणारच नाही. माझ्याही मनात आलं, खोटं कशाला बोलू, की मोठी लाईट आली तर दुसरी गिरणी टाकता येईल. सरपंचांनी जालन्याहून हार आणायला माणूस ठरवून ठेवला. साहेबांनी ऑफिसात फोन केला आणि मोठे अधिकारी बघायला यायचं नक्की झालं.

सगळे खूश. साहेबच तेवढे चार दिवसांत उतरल्यासारखे दिसायला लागले.

अधिकारी यायच्या आदल्या दुपारी ते गिरणीत आले ते चपलांसकट. मला तिथंच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं.

“ताई, टेकडी मधेच बसते.”

“बसते म्हंजी?”

“रोज दुपारी थोडा वेळ ती नसतेच. मग परत उभी राहते. सगळी दुपार एकत्र मोजली तर ते दिसत नाही. मी तुकडे तुकडे करून पाहिलं.”

“दमत आसल.”

“तेल दमत नाही. तेल चहाला उठत नाही, ताई! लाखो वर्षं जे जागचं हललं नाही, ते रोज त्याच सुमाराला जातं कुठं?”

चहाचं नाव निघालं म्हणून मी किटली उचलली. “थांबा. तुमाला कपभर देते अन् मंग मळ्यात नेते.”

“मळ्यात कुणाला?”

“आत्याबाईला. रोजच नेते की. तिखट कांडून राह्यल्यात ना त्या, शेजारच्या दोघींला घेऊन. आंब्याखाली.”

साहेबांनी कप खाली ठेवला. “कशात कांडतात?”

“उखळात. दगडाचं हाय जुनं, जमिनीत पुरलेलं.”

“एकूण किती जणी म्हणालात?”

“तिघी,” मी म्हटलं आणि माझ्याच तोंडून निघालेला तीनचा आकडा मला ऐकू आला.

आता हे नीट सांगते. वर्षाचं तिखट उन्हाळ्यातच होतं. माझ्या गिरणीत कांडायचं मशीन होतं, पण आत्याबाईंना त्या मशीनचं तिखट जळकं लागायचं. त्यांचा उखळ-मुसळावर जीव. एरवी त्या गल्लीतच कांडायच्या. पण साहेबांनी गावाला गप्प बसायला सांगितलेलं. “आपल्या पायी वैद्यबुवाला तरास नको,” म्हणून त्या दोघींना घेऊन मळ्यात गेल्या. आणि मळा कसा सापडला? साहेबांनीच रिकामा करून दिलेला! तिकडं ट्रॅक्टर नाही, गडी नाही, पार्टीची माणसं नाहीत. बायांना पदर सोडून बसायला याहून चांगली जागा कुठली? आंब्याच्या आणि यंत्राच्या मध्ये फक्त एक बांध आणि घाणेरीची झुडपं. एका उखळात तिघी कांडतात तेव्हा एकीचं मुसळ खाली येतं तोवर दुसरीचं वर गेलेलं असतं आणि तिसरीचं निघालेलं. एकेकीचा सेकंदाला एक घाव. तिघींचे तीन. आणि उखळ जमिनीत गाडलेलं, म्हणजे घाव थेट जमिनीलाच.

बंदी ट्रॅक्टरला होती, मोटारीला होती, बैलगाडीला होती. मुसळाला कुणी आवाजात धरलंच नव्हतं. आत्याबाईंनी नाही, मी नाही, आणि साहेबांनीही नाही.

आम्ही मळ्यात गेलो. आत्याबाई दिसताच साहेबांनी चपला काढल्या आणि आंब्याखाली जाऊन उभे राहिले. तिघींची मुसळं चालूच.

“काय झालं, वैद्यबुवा?” आत्याबाई थांबल्या. “आमी आवाज न्हाई केला. मोटार बी न्हाई हितं एक.”

“नाही, नाही. कांडा तुम्ही. थोडा वेळ तिघी कांडा, मग एकीनं बसायचं आणि दोघींनी कांडायचं.”

“आता आमाला कांडायला बी शिकवनार का?” एक शेजारीण पुटपुटली. पण त्यांनी कांडलं. आधी तिघींनी, मग दोघींनी. साहेबांनी यंत्रातून ते उतरवून घेतलं, कॉम्प्युटर जीपमध्ये ठेवलेला होता, त्यात घातलं. आम्ही सगळ्या जीपभोवती. तिघी कांडत होत्या तोवर टेकडी तीनवर. दोघी राहिल्या तशी टेकडी सरकून दोनवर जाऊन बसली.

साहेब बांधावर बसले आणि हसायला लागले. आधी बारीक, मग खदाखदा. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागले. ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं. बारा गावं फिरून सापडलेली टेकडी आमच्या वर्षाच्या तिखटाची निघाली होती. मला त्यांच्याकडं बघवेना.

आत्याबाईंना सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी मुसळ टाकून कपाळाला हात लावला. “आगं माय! आमच्या पायी लेकराचं वाटोळं झालं की!”

“वाटोळं कसलं?” साहेब म्हणाले. “उद्या इथं खोल खोदलं असतं आणि खाली नुसताच दगड निघाला असता, तर मी तोंड कुठं लपवलं असतं? तुम्ही चहा प्यायला उठलात म्हणून वाचलो.”

संध्याकाळी ते ऐकून सरपंच तंबूवर आले. मी भाकऱ्या घेऊन गेले होते, म्हणून सगळं माझ्यासमोर झालं. सरपंच काही वाईट माणूस नाही. गावासाठी जीव तुटायचा त्यांचा. खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, “साहेब, हे बायांचं कुणाला कळलंय? आपल्या पाच-सहा जणांला. अधिकाऱ्यांला कागद दावा तुमी. खोदायची मशीन तर येऊ द्या. तेल न्हाई तर न्हाई, खोल खणल्यावर पाणी तर लागल. गावाचं बी भलं, तुमचं बी भलं.”

कागद साहेबांच्या पुढ्यात पडलेला, त्याच्यावरची टेकडी काय सुरेख दिसत होती! मला वाटलं, हा माणूस आता हो म्हणतो. आणि सांगते, म्हणाला असता तर मी त्याला बोल लावला नसता. हो म्हटलं तर यंत्रं वाचतात, ऐकणं वाचतं. नाही म्हटलं तर टेबल.

“सरपंच, आधी आपला आवाज वजा करावा लागतो,” ते शेवटी म्हणाले. “गिरणीचा केला, ट्रॅक्टरचा केला. सगळ्यात मोठा माझाच राहिला होता. तेल पाहिजे, तेल पाहिजे, म्हणून मीच ओरडत होतो. म्हणून टेकडी बसते ते मला चार दिवस दिसूनही बघवत नव्हतं.”

सरपंच उठून गेले. साहेबांनी भाकरीला हात लावला नाही.

सकाळी अधिकारी आले. तिघे जण, दोन गाड्या. साहेबांनी त्यांना गिरणीच्या ओट्यावर बसवलं आणि पहिल्याच दमात सगळं सांगितलं, मुसळासकट. त्यातला एक तरुण साहेब तोंड फिरवून हसला. मी त्याच्याकडं असं बघितलं की त्याचा चहा सांडता सांडता राहिला. मग साहेब म्हणाले, “आता आलाच आहात तर आज दुपारची एक नोंद थांबून बघा. इथं खरंच काय आहे, ते तरी आपल्याला कळू दे.”

ते ऐकून आत्याबाई उठल्या. काष्टा घट्ट केला आणि घरोघर निघाल्या. “आज दुपारी वैद्यबुवाला जमीन ऐकू द्यायची. मुसळ न्हाई, पाटा न्हाई, धुणं बी आपटायचं न्हाई.” कुणाला हात जोडले, कुणाला शिव्या घातल्या. माझी जीभ तिखट म्हणतात लोक, त्यांनी आत्याबाईंना त्या दिवशी ऐकायला पाहिजे होतं. टेकडी गेल्यामुळं निम्मं गाव फुगून बसलेलं. “बायांनी कांडून कांडून तेल पळवलं,” असं सुद्धा एक जण म्हणाला. पण गप्प बसले सगळे. लेकरं मारुतीच्या देवळात कोंडली, हातात चुरमुरे देऊन. म्हशी गोठ्यात. मी गिरणीचा पट्टाच काढून ठेवला.

आणि नेमका भोकरदनकडच्या धावड्याहून वऱ्हाडाचा ट्रक आला! लग्न आमच्या गल्लीत होतं, ते तिथीप्रमाणं ठरलेलं, त्याला साहेब काय करणार? वेशीपाशी बँडवाला ढोल गळ्यात अडकवून तयार. आत्याबाई आडव्या झाल्या.

“ढोल खाली.”

“मावशी, मुहूर्त हाय!”

“मुहूर्ताला अजून टाइम हाय. बसा सावलीत. नवरदेवाला पानी द्या. आमचा वैद्य नाडी बघून राह्यलाय.”

“कुनाची?”

“जमिनीची.”

नवरदेवाकडच्यांनी एकमेकांकडं पाहिलं. येडं गाव दिसतंय, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं. पण बसले बिचारे. बाशिंग बांधलेला नवरदेव चिंचेखाली हाताची घडी घालून आणि बँडवाले ओळीनं गुपचूप. अशी दुपार आमच्या गावानं आधी कधी पाहिली नव्हती. पान हललं तरी ऐकू येत होतं. मला माझाच श्वास मोठा वाटायला लागला. वाईट वाटत नव्हतं, उलट बरंच वाटत होतं. आपण सगळ्यांनी मिळून एखाद्या माणसासाठी काही करतोय, हे इतक्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं.

नोंद झाली. साहेबांनी कॉम्प्युटर लावला. अधिकारी खांद्यावरून वाकलेले, त्यांच्या मागं सरपंच, त्यांच्या मागं अख्खं गाव. तीनच्या आकड्यावर रेघ सपाट. दोनवर सपाट. सगळीकडं सपाट.

साहेब वळले. आमच्याकडं बघून, आमच्याच बोलीत म्हणाले, “काही न्हाई.”

आणि चेहरा इतका उजळलेला! “बिलकुल काही न्हाई. इतकी स्वच्छ रेघ मी जन्मात पाहिली नव्हती.”

तेवढ्यात वेशीवर कुणीतरी खूण केली आणि बँड वाजायला लागला. तो लग्नाचा होता, पण लेकरांना वाटलं साहेबांसाठीच वाजतोय. ती देवळातून सुटून सगळी तंबूपुढं नाचायला लागली. सरपंच तोंड पाडून उभे होते. मग त्यांनाच काय वाटलं कोण जाणे, अधिकाऱ्यांसाठी आणलेला तो मोठा हार त्यांनी उचलला आणि आमच्या साहेबांच्या गळ्यात घातला.

अधिकाऱ्यांत एक वयस्कर टक्कलवाले होते, हिंदी बोलणारे, सगळा वेळ गप्प. ते साहेबांना म्हणाले, “आज तक आपकी मशीन हर जगह कुछ न कुछ बोलती थी, इसलिए मैं मानता नहीं था. आज इसने ना बोला. गोदाम मत भेजिए. अगले साल दूसरी जगह ले जाइए.”

म्हणजे बघा. आमच्या गावाखाली काही नाही हे पटलं, म्हणून त्या माणसाचं काम टिकलं. गावाला त्यातून काय मिळालं? काही नाही. आणि तरी त्या संध्याकाळी लग्नाच्या पंगतीत साहेबांना नवरदेवाच्या शेजारी बसवून लोक वाढत होते, आग्रह करकरून.

दोन दिवसांनी तंबू उठले. यंत्रांचे खड्डे साहेबांनी स्वतः माती ओढून बुजवले. जीप वळणावरून गेली आणि मग मला गिरणीत उगाच चिडचिड होत राहिली. त्या दिवशी ज्यांचं दळण होतं त्या सगळ्यांनी बोलणी खाल्ली.

पुढं बरीच वर्षं गेली. त्यांच्या जीपवर असलेला जालन्याचा ड्रायव्हर कुणाच्या तरी साखरपुड्याला आमच्याकडं आला, तो मुद्दाम गिरणीवर डोकावला. मी पहिलं साहेबांचंच विचारलं.

“साहेबांनी मंग दोन ठिकाणी न्हाई म्हनलं,” तो म्हणाला. “तिसऱ्या ठिकाणी म्हनले, हाय. लई तपासलं, पुन्ना पुन्ना. मंग म्हनले, हाय.”

“खोदलं का?”

“खोदलं.”

“मंग?”

“निघाला की गॅस. बराबर त्याच जागी.”

मी गिरणी चालू असतानाही त्या आवाजाच्या वर ओरडले, इतका आनंद झाला. “साहेब काय म्हनले रं? नाचले असतील!”

ड्रायव्हर खाली बघायला लागला. “साहेब त्याच्या आदीच गेल्ते, वहिनी. हार्टनं. खोदायची मशीन तिथं पोचायच्या बी आदी.”

मी मोटार बंद केली.

घरी आत्याबाई तेव्हा अंथरुणालाच होत्या. त्यांच्या उशाशी बसून सगळं सांगितलं. सांगता सांगता मला रडू आलं आणि रडू आलं की मला राग येतो. “काय उपेग झाला सांगा! सारा जन्म त्याच्यापायी घातला अन् निघालं तवा पाह्यला न्हाई मिळालं.”

आत्याबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“पाह्यलं ते बाकीच्यांनी,” त्या म्हणाल्या. “त्यानं ऐकलं व्हतं की.”